साडूभाऊ गाडी शिकायला येतात

गाडी शिकवणारे मास्तर कुणावर ओरडत नसत, हीच त्यांची जाहिरात. आमच्या शहरात गाडी शिकवणारे पुष्कळ होते आणि त्यातले बरेचसे शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी असं काही फैलावर घेत, की तो घरी जाऊन जुन्या सायकलला तेल घालायला बसायचा. मी मास्तरांकडे शिकलो. भर चौकात माझी गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा नुसता गदारोळ उठला, तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. सावकाश चालू करा." पहिल्या परीक्षेत मी नापास झालो. त्यावर ते म्हणाले, "बरं झालं. कच्चे राहिला असतात."

लाँड्रीच्या शेजारची एक खोली म्हणजे त्यांचं कार्यालय. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता. दारात पांढरी गाडी, छपरावर शिकाऊची पाटी. मास्तर बसायचे त्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते, म्हणजे शिकणारा गोंधळला तर गाडी त्यांच्या पायात.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणतो. काकू पोहण्याच्या तलावावर तिकीटखिडकीत बसतात. टोपीशिवाय पाण्यात उतरायचं नाही हा तिथला नियम आणि काकू नियमाच्या पक्क्या. एकदा एक टक्कल पडलेले गृहस्थ हुज्जत घालायला लागले, की मला केसच नाहीत तर टोपी कशाला. काकू म्हणाल्या, "नियम डोक्याला आहे, केसांना नाही." गृहस्थ टोपी घेऊन आले.

काकूंची थोरली बहीण पुलापलीकडे राहते. तिच्या नवऱ्याचं रंगाचं दुकान आहे. भिंतीचे रंग, दारांचे रंग, ब्रश, व्हार्निश. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर कायम कुठल्यातरी रंगाचा ठिपका असतो. मास्तर त्यांना साडूभाऊ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. साडू-साडूचं नातं तसं नाजूक. दोघं एकाच घरचे जावई, तेव्हा कुणाचं किती बरं चाललंय याची मापं लोक मनातल्या मनात काढतच असतात. पण या दोघांचं छान जमायचं. दोघी बहिणी एकत्र आल्या की दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच उरायची नाही, तेव्हा हे दोघं गच्चीत जाऊन उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. नुसतं गच्चीत उभं राहून राहून त्यांची मैत्री झाली.

बहिणींचा रोज संध्याकाळी फोन, आणि रविवारचं जेवण एकदा इकडे, एकदा तिकडे. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं.

पुढची सगळी हकिकत मला दोघा साडूंकडून वेगवेगळी ऐकायला मिळाली. दोन्हींत फारसा फरक नाही. फक्त गाडी नेमकी कुणामुळे बंद पडली, यावर अजून मतभेद आहेत.

झालं असं, की मास्तरांचं काम वाढलं. शिकायला येणाऱ्यांना थांबावं लागायला लागलं. तेव्हा त्यांनी हप्त्यावर दुसरी गाडी घेतली आणि शिकवायला एक जोडीदार ठेवला. जोडीदार चांगला होता. पण इतका चांगला होता, की त्याला परदेशात बस चालवायची नोकरी लागली आणि तो गेला. त्याच्या जागी आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात एका आजीबाईंवर खेकसला. मास्तरांनी त्याला त्याच दिवशी निरोप दिला. झालं. दुसरी गाडी कार्यालयाच्या मागे आच्छादनाखाली जाऊन उभी राहिली. गाडी उभी राहिली, हप्ता मात्र चालत राहिला.

हप्ता भरायला मास्तरांनी कार्डावर उचल घेतली. कार्डाचं भरायला एका मित्राकडून घेतले. याची टोपी त्याच्या डोक्यावर, त्याची याच्या. घरात काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. दुसरी गाडी धंद्यातल्या पैशातून आली आणि सगळं सुरळीत आहे, असंच त्यांना वाटत होतं. मास्तर सांगणार होते. पुढच्या महिन्यात जरा बरं झालं की सांगू, म्हणायचे. पुढचा महिना काही बरा निघेना. शेवटी बँकेच्या माणसाचे फोन दिवसातून चार चार वेळा यायला लागले, तेव्हा मास्तर रंगाच्या दुकानात गेले आणि डब्यांच्या मांडणीआड उभं राहून साडूभाऊंकडे पैसे मागितले.

साडूभाऊंनी कशाला म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दिले.

"एक विनंती आहे," मास्तर म्हणाले. "हे आपल्या दोघांतच राहू दे. हिला काही बोलू नका."

"मी तरी हिला कुठे सांगणार आहे," साडूभाऊ म्हणाले आणि दोघांनाही हायसं वाटलं.

साडूभाऊंनी दिलेले पैसे त्यांच्या घराच्या डागडुजीसाठी बाजूला काढलेले होते. आता रंगवाल्याच्याच घराच्या भिंतींना पोपडे धरलेले. थोरली किती दिवस मागे लागली होती, की जगाची घरं रंगवता, आपल्याकडे कधी बघणार. पैसे देऊन टाकल्यावर साडूभाऊंना काही सुचेना. ते म्हणाले, "रंगाचे भाव जरा उतरू देत." रंग विकणारा माणूस रंगाचे भाव उतरायची वाट बघतोय, हे थोरलीला कुठल्याच बाजूने पटलं नाही. पण नवऱ्याला तोंडघशी पाडायचं नाही म्हणून ती गप्प बसली.

दोन-तीन महिन्यांत परत करतो असं मास्तर म्हणाले होते. वर्ष उलटलं. साडूभाऊंनी एका शब्दाने विचारलं नाही आणि नेमकं तेच मास्तरांना सोसवेना. बँकेचा माणूस फोनवर वाट्टेल ते बोलायचा, ते बरं वाटायचं. हा माणूस काहीच बोलत नाही, वर ताटात अजून काही वाढू का विचारतो. मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना. मग ते रविवार टाळायला लागले. कधी पोट बिघडलं, कधी टायर पंक्चर झालं, कधी कुणाची परीक्षा तोंडावर आली. एका रविवारी तर त्यांनी पोट आणि टायर दोन्ही सांगितलं.

घरातही ते बदलले. जो माणूस चौकात बंद पडलेल्या गाडीत शांत बसायचा, तो आता जिन्यातला दिवा कुणी चालू ठेवला म्हणून कुरकुर करायला लागला. काकूंनी नवे पडदे बघून ठेवले होते, त्यावर "जुन्यांना काय धाड भरलीय" असं म्हणाले. आपल्या लेकीशी बोलणं तर जवळजवळ थांबलंच. लेक कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. ती काही विचारायला आली की मास्तरांना वाटायचं आता ही फीचं काढणार, आणि ते वर्तमानपत्र वर धरायचे.

एक दिवस काकूंनी सरळ विचारलं. "तुम्ही ताईकडे का येत नाही? तिथं कुणी काही बोललं का तुम्हाला?"

मास्तर म्हणतात, तेव्हा खरं सांगायची संधी समोर येऊन उभी होती. पण तोंडून निघालं ते भलतंच. "जाऊ दे," ते म्हणाले. "साडूभाऊंच्या बोलण्यात हल्ली जरा ताठा असतो. असतं एकेकाचं."

एवढंच. प्रश्न टळला म्हणून ते सुटकेचा श्वास सोडून आंघोळीला गेले. पण काकूंच्या डोक्यात ते वाक्य रुतून बसलं. आपल्या नवऱ्याचा धंदा लहान, त्यांचं दुकान मोठं, म्हणून त्याला घालूनपाडून बोलतात होय? आणि ताई ते ऐकून घेते? संध्याकाळी फोन वाजला. काकूंनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी उचलला, पण "कामात आहे" म्हणून ठेवला. थोरलीला कळेना आपलं काय चुकलं. तिने नवऱ्याला विचारलं. नवऱ्याला वाटलं पैशाचंच काहीतरी असणार, म्हणून त्याने "मला काय माहीत" म्हणून हात झटकले. मग थोरलीही दुखावली. मी मोठी असून किती वेळा आपण होऊन फोन करायचा, म्हणून तिनेही करायचं सोडलं. दोन घरांमधला रोजचा फोन असा थंडावला. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. कर्ज दोन पुरुषांनी केलं आणि त्याचं व्याज दोघी बहिणी फेडत राहिल्या, त्याही कुणाला न कळता.

मधल्या काळात थोरलीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. काकू दवाखान्यात भेटून आल्या, पण एखाद्या ओळखीच्या बाईंना भेटावं तशा. पलंगाच्या कडेला टेकल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

आणि मग एका सकाळी साडूभाऊ मास्तरांच्या कार्यालयात येऊन उभे राहिले.

मास्तरांना वाटलं, आला, शेवटी वसुलीला आला. साडूभाऊंनी अजून पायपुसण्यावर पाय पुसले नव्हते तोवर मास्तर बोलायला लागले. "भाऊ, मला जाणीव आहे. मी विसरलेलो नाही. या महिन्यात निदान थोडे तरी..."

"मला गाडी शिकायची आहे," साडूभाऊ म्हणाले.

 साडूभाऊ आणि गाडी ही गोष्ट घरात निषिद्ध होती. तरुणपणी त्यांनी एकदा कुणाचीतरी गाडी चालवायला घेतली आणि ती एका भिंतीला नेऊन लावली. ती भिंत नुकतीच रंगवलेली होती आणि रंग त्यांच्याच दुकानातला होता. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"हिला व्यायामासाठी दवाखान्यात जावं लागतं," साडूभाऊ म्हणाले. "गुडघा दुखतो आणि बसच्या पायऱ्या चढते. मला बघवत नाही. पूर्वीसारखं असतं तर धाकटी बरोबर गेली असती. पण हल्ली त्यांचं काय बिनसलंय कोण जाणे. मी म्हटलं, आपणच शिकावं." मग खिशातून पाकीट काढून म्हणाले, "फी किती?"

आता आली पंचाईत. ज्याचे पैसे वर्षभर थकवलेत, त्याच्याकडून फी कशी घ्यायची? मास्तरांनी हात जोडायचेच बाकी ठेवले. "लाजवू नका. तुमच्याकडून फी?"

"घ्यावी लागेल," साडूभाऊ म्हणाले. "नाही घेतली तर मी घेणेकरी आणि तुम्ही भिडेने शिकवणार. मला भीड नको. मी चुकीचं चालवलं तर मला सांगायला माणूस हवा. ते पैसे वेगळे, हे वेगळे."

मास्तरांनी फी घेतली. ती घेताना त्यांना जितकी लाज वाटली तितकी ते पैसे मागतानाही वाटली नव्हती, असं ते सांगतात.

साडूभाऊंसारखा शिष्य मास्तरांच्या उभ्या आयुष्यात झाला नव्हता. ते क्लच असा सोडायचे, की गाडी बेडकासारखी उडी मारायची. आरशात बघा म्हटलं की आरशात बघतच राहायचे. डावीकडे वळा म्हटलं की आधी विचारायचे, "नक्की?" दुकानात मोठमोठ्या ठेकेदारांशी डोळ्याला डोळा भिडवून भाव करणारा हा माणूस समोरून सायकल आली की "आली, आली" म्हणून डोळे मिटायचा. आणि गंमत अशी, की त्या गाडीत मास्तर पुन्हा मास्तर झाले. जेवणाच्या ताटासमोर ज्या माणसाला त्यांना तोंड दाखवता येत नव्हतं, त्याच्या शेजारी बसून ते शांतपणे म्हणायचे, "काही हरकत नाही. पुन्हा न्यूट्रलला घ्या. तुम्हाला जमतंय." साडूभाऊंनाही ते बरं वाटायचं. दोघंही पुढे रस्त्याकडे बघत असल्यामुळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायची वेळ यायची नाही.

असंच एकदा शहराबाहेरच्या लांब सरळ रस्त्यावर साडूभाऊंनी गाडी बऱ्यापैकी लयीत आणली होती. तेव्हा ते म्हणाले, "काल ही रडली हो. बहिणीचा वाढदिवस आणि फोन करावा की करू नये, यात सगळा दिवस गेला. मी विचारलं, अगं झालंय तरी काय? तर म्हणते, मला काय माहीत. माझंच काहीतरी चुकलं असणार."

 काकूही काल दिवसभर फोनजवळ घुटमळत होत्या, हे मास्तरांनी पाहिलं होतं. दोन्हीकडे दोघी फोनजवळ बसून होत्या आणि मधे ह्यांचं एक वाक्य उभं होतं.

"तिचं काही चुकलेलं नाही," मास्तर म्हणाले. "मी हिला सांगितलं, की तुमच्या बोलण्यात ताठा आला आहे. मला तुमच्यासमोर यायची लाज वाटत होती. काहीतरी कारण द्यायचं म्हणून दिलं."

गाडी बंद पडली. साडूभाऊ म्हणतात मास्तरांनी ब्रेक दाबला. मास्तर म्हणतात यांनी क्लच सोडला.

"ताठा?" साडूभाऊ म्हणाले. "माझ्यात? अहो, उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकालाही मी 'जमेल तेव्हा द्या' म्हणतो. घरात मला मांजरही उठवून माझ्या खुर्चीत बसतं. आणि माझ्यात ताठा?" त्यांना खरंच लागलं होतं. ते दार उघडून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेने तरातरा चालायला लागले.

मास्तर गाडीतच बसून राहिले. हाक मारावी तरी काय म्हणून मारावी. दुतर्फा मोकळी शेतं, ऊन चढलेलं, आणि साडूभाऊ लहान लहान होत चाललेले. मग ते थांबले. थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि परत यायला लागले. गाडीपाशी आल्यावर दम खात म्हणाले, "एवढ्या लांब कुठे आणून ठेवलंत मला?"

मास्तरांनी पाण्याची बाटली पुढे केली. साडूभाऊ ती अर्धी संपवून पुन्हा आपल्या जागी बसले.

"पैशाचं घरी सांगितलंत का?"

"नाही. तुम्ही?"

"नाही." साडूभाऊ जरा विचार करून म्हणाले, "आज सांगायचं. दोघांनी, एकाच वेळी. नाहीतर जिला आधी कळेल, ती लगेच दुसरीला फोन करेल."

"त्या बोलत नाहीत एकमेकींशी."

"हो की," साडूभाऊ म्हणाले. मग दोघंही हसले. पोट धरून नव्हे, पण बऱ्याच दिवसांनी हसले.

काकूंना घरी सांगायचं मास्तरांच्या जिवावर आलं होतं. घरी लेक असते, शेजारी असतात, आणि मुख्य म्हणजे घरात त्यांना उद्यावर ढकलायची सवय झाली होती. म्हणून ते तडक तलावावर गेले आणि तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. नंबर आला. काकूंनी मान वर न करताच विचारलं, "टोपी आणलीत का?"

"अगं, मी आहे."

काकूंनी वर पाहिलं. "तुम्ही? पोहायला?"

"नाही. सांगायचं आहे." आणि काचेच्या त्या बशीएवढ्या भोकातून मास्तरांनी सगळं सांगितलं. दुसरी गाडी, हप्ता, कार्ड, मित्र, साडूभाऊंचे पैसे, आणि ते ताठ्याचं वाक्य. मागे टॉवेल खांद्यावर टाकलेली माणसं उभी होती. आधी ती कुरकुरली, मग ऐकू यावं म्हणून गप्प झाली.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं.  "पैसे बुडाले असते तर दोघांनी मिळून भरले असते," त्या म्हणाल्या. "बहीण कुठून भरून आणली असती मी?"

 काकूंनी खिडकी लावली, 'पाच मिनिटांत येते' ही पाटी पुढे ठेवली आणि गल्ला तलावाच्या साहेबांच्या हवाली करून निघाल्या. त्या खिडकीवरची ही पाटी इतक्या वर्षांत कुणी पाहिली नव्हती. त्या दिवशी बऱ्याच जणांना टोपीशिवाय पोहायला मिळालं.

पुलापलीकडे थोरलीने काठी टेकत दार उघडलं. तिच्या मागे साडूभाऊ भिंतीला पाठ लावून उभे होते. तोंडावरून कळत होतं, की इकडेही सांगून झालेलं आहे.

"ये," थोरली म्हणाली. "हे बघ, रंगाचे भाव उतरायची वाट बघणारे."

काकूंना हसू आवरेना आणि रडूही. "तू एक फोन करून विचारायचं नाही का मला?"

"तू उचलत नव्हतीस."

"दोनदा नाही उचलला. तिसऱ्यांदा करायचा होतास."

"तिसऱ्यांदा केला तेव्हा 'कामात आहे' म्हणालीस. तिकीटखिडकीत असं कसलं काम गं?"

"भाऊजी," काकू साडूभाऊंकडे वळल्या, "मी मनात तुम्हाला खूप बोलले आहे. मागे घेते."

"किती बोललात?" साडूभाऊंनी काळजीने विचारलं.

"रोज," काकू म्हणाल्या.

मग दोघी बहिणी आत जाऊन पलंगावर बसल्या. या वेळी पर्स कुठे पडली कुणाला पत्ता नव्हता. साडूभाऊ सवयीने गच्चीत गेले. तिथे बरोबर उभं राहायला कुणी नाही म्हणून परत खाली आले आणि त्यांनी मास्तरांना फोन केला, "तुम्हीही या. एकट्याला ऐकवत नाही."

त्या संध्याकाळी घरी काकूंनी मास्तरांना समोर बसवलं. "काय काय आहे ते आज सगळं सांगा. पुन्हा कुठून काही निघालं तर मी टोपीचा नियम तुम्हाला लावीन." म्हणजे काय करणार होत्या कुणास ठाऊक, पण मास्तरांनी राहिलंसाहिलंही सांगून टाकलं. लेक दारात उभी राहून ऐकत होती. सगळं ऐकून ती मटकन खुर्चीत बसली.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला काहीतरी मोठा आजार झालाय आणि तुम्ही लपवताय. मी तुमचं औषधांचं कपाटसुद्धा बघायची रोज. कर्जच आहे ना, बाबा?"

मास्तर म्हणतात, बँकेने हप्ता माफ केला असता तरी इतकं हलकं वाटलं नसतं. आणि त्याच वेळी, आपली पोर इतके दिवस एकटीच घाबरून होती, हे कळून त्यांना स्वतःची चीडही तितकीच आली. काकूंचा राग लगेच गेला असं नाही. बरेच दिवस त्या त्यांच्याशी मोजकं बोलायच्या, आणि तेही लेकीमार्फत. "बाबांना सांग, भाजी गरम आहे." पण आधीच्या त्या शांततेपेक्षा हे रागावणं सगळ्यांनाच बरं वाटत होतं.

मार्ग काढला तो थोरलीने. पुढच्या रविवारी जेवता जेवता ती म्हणाली, "मास्तर, तुमची ती दुसरी गाडी नुसती धूळ खातेय ना? आम्हाला गाडी हवीच आहे. बाहेरच्या कुणाला विकलीत तर पडत्या भावाने जाईल. आम्ही बरोबर भावाने घेतो." ती घेतली. साडूभाऊंनी ठेकेदारांकडची थकलेली उधारी वसूल केली आणि बँकेचं जे बाकी होतं ते परस्पर भरून टाकलं. गाडीच्या किमतीतली वरची रक्कम मास्तरांच्या देण्यातून वळती झाली. कार्ड आणि मित्र यांचं काकू आणि मास्तरांनी मिळून हळूहळू उरकलं. साडूभाऊंचे अजून काही राहिले, तेवढे दर महिन्याला द्यायचं ठरलं.

गाडी ताब्यात घेताना मेकॅनिक म्हणाला, की शिकवणाऱ्याच्या बाजूचा तो दुसरा ब्रेक आता काढून टाकतो. थोरली म्हणाली, "राहू दे." साडूभाऊंना लायसन्स मिळालं, तेही दुसऱ्या खेपेला, पण तो ब्रेक आजही तसाच आहे. दवाखान्यात जाताना थोरली त्या बाजूला बसते आणि बरा असलेला पाय त्यावर ठेवते. तिच्या व्यायामाच्या बाई म्हणाल्या, की तुमच्या या पायात भलतीच ताकद आली आहे.

पैसे द्यायचा रिवाजही थोरलीनेच घालून दिला. देणं दाराबाहेर, जेवण दाराच्या आत. महिन्यातून एका रविवारी मास्तर घंटी वाजवतात. साडूभाऊ बाहेर येऊन दार ओढून घेतात. जिन्यात उभं राहून मास्तर पैसे देतात, साडूभाऊ घेतात, "मिळाले" म्हणतात. मग दार उघडतं आणि आत गेल्यावर त्या विषयाचं नाव कुणी काढत नाही. एकदा मास्तरांना जमलं नाही. त्यांनी जिन्यातच सांगितलं, "या महिन्यात नाही." साडूभाऊ म्हणाले, "बरं." आणि दोघं जेवायला आत गेले. मास्तर सांगतात, त्या दिवशी ते तीनदा वाढून घेऊन जेवले.

मी मागच्याच आठवड्यात साडूभाऊंकडे गेलो होतो. थोरलीच्या घराला रंग लागत होता. हॉलला कुठला रंग द्यायचा यावरून दोघी बहिणींची जुंपली होती. थोरलीला फिकट पिवळा हवा होता. काकूंचं म्हणणं, पिवळ्या खोलीत माणसं आजारी दिसतात. फोनवर संध्याकाळभर भांडून झालं होतं आणि आता समोरासमोर चालू होतं. रंगारी ब्रश हातात घेऊन थांबला होता. साडूभाऊंनी एकदा "मी सांगू का" म्हणून तोंड उघडलं, तर दोघींनी एकदमच "तुम्ही थांबा" म्हटलं. मास्तरांनी मला खुणेने बोलावलं, आणि आम्ही तिघं गच्चीत जाऊन उभे राहिलो.